खाऱ्या पाण्यातला ब्रेक

मिठाच्या पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला कोणता ब्रेक बसवावा, हे माझ्या वडिलांना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य डिचोलीत, खनिजाच्या ट्रकांच्या चाकांशी गेलं. आमचं घर त्या ट्रकांच्याच रस्त्यावर होतं. दोरीवर वाळत घातलेला पांढरा तुवालो संध्याकाळी उतरवताना विटकरी झालेला असे. आई जनेलाला, म्हणजे खिडकीला, ओलं गोणपाट बांधायची, तरी भातावर तांबडी पूड उतरायचीच, आणि आम्ही ती न बोलता खायचो. सकाळी आधी पोदेराचा, पाववाल्याचा भोंगा यायचा, मग पहिला ट्रक. बाबा चहात उंडो पाव बुडवून बसलेले असत. वळणावर ट्रकचा ब्रेक कचकन दाबला गेला की बाबा म्हणत, "ह्याचो मागलो डावो गेलो." दुपारपर्यंत तो ट्रक आमच्या शेडसमोर उभा असायचा आणि मागचं डावं चाक निघालेलं असायचं. कोल्हापूर-बेळगावकडचे ड्रायव्हर त्यांना दत्ता मिस्त्री म्हणत. ब्रेकचा नवीन लायनर, म्हणजे ड्रमला घासणारी पट्टी, बसवला की दुसऱ्या कोणाला ते विचारत नसत. दत्ता मिस्त्रीनं केलाय म्हणजे उतारावर गाडी घालायची. आमच्या घरात दागिना नव्हता, शेत नव्हतं, एवढी एक गोष्ट होती. मी म्हापशाच्या कॉलेजात शिकले ती त्या एका गोष्टीवर.

रुझार बाब मोरजीचा. त्याची एक फायबरची होडी होती, आत डिझेल इंजीन बसवलेली, वजनाला भरपूर. पावसाआधी ती बाहेर काढायला, मग पुन्हा नदीत सोडायला त्याने वास्कोला बंदराजवळ जुन्या ट्रकच्या ॲक्सलवर एक ट्रेलर वेल्डिंग करून घेतला होता. तो ओढणारी जीप माझा मामा चालवायचा, आईचा धाकटा भाऊ वासू, पार्श्याचा. मामानेच रुझार बाबला आमच्याकडे आणलं. ट्रेलरचे ब्रेक दोन वर्षांत तिसऱ्यांदा जाम झाले होते.

"दत्ता बाब," रुझार म्हणाला, "तुज्या ट्रकाचो ब्रेक वर्सांनी वर्सां चलता. म्हजो धा म्हयने चलना. हांवें कितें पाप केलां?"

"पाप न्हय, मीठ," बाबा म्हणाले. त्यांनी ड्रम हातोडीने ठोकून काढला, आणि आतून गंजाचे पापुद्रे पापडासारखे खाली पडले.

बाबा तीन रविवार त्या ट्रेलरपाशी बसले. ट्रकला तेलाचा ब्रेक असतो, पण त्याच्या चाकाजवळच्या नळकांड्यात खारं पाणी शिरलं की आतला पिस्टन बसतो तो बसतोच. केबल लावली तर ती वरून चांगली दिसते आणि वेष्टणाच्या आत तार तार कुजत जाते. शेवटी त्यांनी उघड्या लोखंडी सळ्या निवडल्या, पूर्वीच्या मोटारींना असायच्या तशा. जीप थांबते तेव्हा मागचा ट्रेलर तिला पुढे ढकलतो. त्या ढकलण्यानेच जोडातला दांडा मागे सरकायचा, सळी ओढली जायची आणि ब्रेक लागायचा. "जें दिसता तें धुवंक मेळता," एवढंच त्यांनी कारण दिलं. सळ्यांना पितळेच्या खिळी घातल्या. लायनर चिकटवलेले घेतले नाहीत, कारण खालचं लोखंड गंजून फुगलं की चिकटवलेला लायनर अख्खा सुटून येतो. पितळी रिबिटांनी ठोकलेले घेतले. ड्रमच्या मागच्या पत्र्याला खालून भोकं पाडली, आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. ते स्पॅनर खाली ठेवून मला विचारायचे, "तूं केमिस्ट्री शिकता मगे? सांग, मीठ लोखंडाक करता काय?" मी पाणी, हवा, मीठ असं सगळं सांगायची, आणि ते मान हलवत ऐकायचे. माझ्या शिक्षणाचा आमच्या शेडमध्ये काही उपयोग आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा. आज विचार करते तर पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या सुखातच होती.

जपण्याचे नियम बाबांनी सांगितले आणि मी ते पुठ्ठ्यावर लिहून जीपमध्ये लावले. डोंगर उतरून आल्यावर चाकं गरम असतात, ती निवल्याशिवाय पाण्यात घालायची नाहीत, कारण गरम लोखंड थंड पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं. बाहेर काढल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याच्या चार बाल्द्या प्रत्येक चाकात ओतायच्या. मग थोडं अंतर ब्रेक दाबत चालवायचं म्हणजे आतलं सुकतं. उभा करताना ब्रेक ओढून ठेवायचा नाही, चाकाखाली ओंडका घालायचा, नाहीतर लायनर ड्रमला धरून बसतो. आणि वर्षातून एकदा सगळं उघडायचं. पुठ्ठा मराठीत होता. रुझार बाबने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "कोंकणींत बरयल्ल्यार म्हजो ब्रेक राजभास जातलो आसलो." मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसांत दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गावागावांत तणाव होता, मोर्चे निघत होते, एकाच घरात दोन मतं होती. आम्ही घरात बोलायचो एक आणि शाळेत लिहायचो दुसरं. बाबांना कोणी विचारलं तर ते म्हणत, "माका सांग, स्पॅनर खंयच्या भाशेंत मागूं?"

दुसऱ्या वर्षी ब्रेक उघडायची वेळ आली तेव्हा ट्रेलर पार्श्याला मामाच्या अंगणात होता. बाबांनी चाकं काढली, ड्रम उघडले, आणि नव्या रिबिटा आणायला वास्कोला गेले. त्यानंतर दोनच दिवसांत भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद झाले. झाडं आडवी पाडली होती, बसेस उभ्या होत्या. बाबा तिकडे एका ओळखीच्याकडे अडकले. आमचं कॉलेज बंद झालं म्हणून मी आधीच मामाकडे आले होते. काजूचे दिवस होते. अंगणभर बोंडांचा आंबूस वास, मामी उन्हात बिया पसरायची, आणि आम्ही दुपारी पेज आणि खारातली कैरी खायचो. सगळीकडे एवढी शांतता होती की लांबच्या वाडीतली माणसंही ऐकू यायची.

उघड्या ड्रमच्या पत्र्यांवर आठ दिवसांत तांबूस गंज धरला. मी तो घासून काढला, गोड्या पाण्याने धुतला, सुकवला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मामा तेव्हा आपल्या लाकडी होडीला तेल लावत होता. काजूच्या बीच्या सालीतून निघतं ते काळं, दाट तेल. पार्श्याकडे होड्यांना तेच लावतात. त्या तेलावर मामाची होडी, आजोबांच्या वेळची, तशीच खाऱ्या पाण्यात होती.

"मामा, हें ब्रेकाक लावया?" मी विचारलं.

मामाने कुंचला डब्यावर आडवा ठेवला. "होडयेक बाधूंक ना. लोखंडाक कित्याक बाधतलें? पण तुजो बापूय ना हांगा."

"बाबांनाच दाखवायचं आहे. हवा आणि पाणी लागलंच नाही तर गंज येणार कुठून?"

"बरें गो बाय, तूं शिकलेली."

मी लायनरवर कागद गुंडाळले. एवढं मला कळत होतं. मग पत्रे, स्प्रिंगा, आतल्या सळ्यांची टोकं, सगळ्याला मी ते तेल फासलं, चांगलं जाड, दोन वेळा. माझी तीन बोटं भाजल्यासारखी झाली, फोड आले, साल निघाली. त्या तेलाने ते होतंच. मामीने खोबरेल लावून चिंधी बांधली. रस्ते सुरू झाले तेव्हा रुझार बाबची घाई होती. दुरुस्तीला काढलेली होडी ट्रेलरवरच होती, ती नदीत सोडायची होती. जुन्या रिबिटा अजून धड होत्या, म्हणून मामाने ड्रम बंद करून चाकं चढवली. त्याच संध्याकाळी बाबा पोचले. त्यांनी अंगणात ट्रेलर पुढे-मागे करून बघितला, ब्रेक घट्ट लागत होता.

"आत कितें केलां?" त्यांनी विचारलं.

"घासून, धुवून, सुकवून बसवले," मी म्हणाले.

तेलाचं सांगायचं राहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ड्रम उघडतील, आत गंजाचा एक ठिपका दिसणार नाही, आणि मग मी सांगेन, असं मी ठरवलं होतं.

सकाळी मामा होडी घेऊन निघाला. बाबा, मी आणि रुझारची दोन माणसं मागून चालत होतो. पार्श्याच्या डोंगरावरून नदीकडे उतरताना चार वळणं आहेत. पहिल्या दोन वळणांवर काही झालं नाही. ब्रेक लागत होता, आणि लागत होता म्हणूनच ड्रम तापत होते, आणि आतलं जाड तेल पातळ होऊन लायनरवर उतरत होतं. तिसऱ्या वळणाच्या आधी ट्रेलरने जीपला ढकलायला सुरुवात केली. मामाने जीपचा ब्रेक दाबलेला होता, मला मागचे दिवे दिसत होते, तरी ती पुढे सरकत होती. बाबा "ओंडको! ओंडको घाल!" असं ओरडत धावले. जीप आडवी झाली आणि चिऱ्यांच्या गडग्यावर आपटली. होडी तिच्यावर आली. आवाज फार मोठा नव्हता. नंतर कोणीतरी म्हणालं की मामा ओरडत होता. मला ते ऐकू आलेलं आठवत नाही. मला गडग्यावरून पडलेले चिरे आठवतात, किती पडले तेही आठवतं, सात.

मामाचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

तिसऱ्या दिवशी बाबांनी तिथेच, रस्त्याकडेला, रुझार बाबसमोर आणि वीसेक माणसांसमोर ड्रम उघडला. मी बाल्दी धरून उभी होते. ड्रम निघाला आणि तो वास आला. आत लायनरवर काळा, चिकट थर होता. बाबांनी त्याला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि मान वर केली. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, बोटांना बांधलेल्या चिंध्यांकडे. मग फडक्याने लायनर पुसला, फडकं खिशात घातलं, आणि उभे राहून म्हणाले, "ग्रीस जास्त घातलें म्हज्या हातान. लायनरार गेलें. चूक म्हजी."

"तुजी?" रुझार म्हणाला. "दत्ता, तुजी?"

"म्हजीच."

भीती वाटली असती तर मी ती इथे लिहिली असती, लाजही लिहिली असती. मला त्या वेळी बाल्दीची कडी हाताला टोचत होती, एवढंच कळत होतं. ती मी या हातातून त्या हातात घेतली.

इस्पितळात मामाने मामीला चहा आणायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. "तुजो बापूय बोललो तेंच खरें," तो म्हणाला. "तेल म्हजें, हात तुजो. आनी तुजी परीक्षा आसा. तोंड उगडूं नाका." मग थोड्या वेळाने म्हणाला, "एक बरें जालें. रुझार बाब दर दिवाळेक बूट दिता, आतां एकूच दितलो." मला हसायला हवं होतं म्हणून मी हसले.

डिचोलीत बातमी आमच्या आधी पोचली होती. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर चौकशीला आले, चहा पिऊन गेले. मग येईनासे झाले. वळणावर ट्रकांचे ब्रेक कचकन दाबले जायचे, बाबा चहापाशी बसलेले असायचे, आणि काही बोलायचे नाहीत. चहाच्या हॉटेलात एकदा मी भाजी-पाव बांधून घ्यायला गेले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सख्ख्या मेहुण्याचा पाय घालवला, आमचं काय राखणार हा?" पावसाळा संपता संपता बाबांनी शेडला कुलूप लावलं आणि वास्कोला दुसऱ्याच्या गॅरेजात फिटर म्हणून लागले. रविवारी बसने घरी यायचे. आई त्यांना सुंगटांची, कोळंबीची कढी वाढायची, ते म्हणायचे बरी झाली, आणि दुपारच्या बसने परत जायचे.

त्या वर्षाबद्दल मला फार सांगता येत नाही. मी अभ्यास केला. बसमध्ये बसले, उतरले. गोवा राज्य झालं तेव्हा डिचोलीच्या बाजारात फटाके वाजले, लोक एकमेकांना पेढे देत होते. एक पेढा माझ्याही हातात आला आणि मी तो खाल्ला. मी पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बाबांनी वास्कोहून माझ्यासाठी एक शाईचं पेन आणलं. ते घेताना मी त्यांच्या पाया पडले. ऊर भरून येतो म्हणतात, तसं काहीही झालं नाही. बाबांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

पेडण्यातल्या एका शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात आठवीच्या वर्गाला गंज शिकवायचा होता. लोखंडावर रंग द्यावा, तेल लावावं, असं पुस्तकात होतं. मी ते फळ्यावर लिहिलं, तास संपेपर्यंत उभी राहिले, आणि शाळा सुटल्यावर घरी न जाता मोरजीला गेले.

रुझार बाब जाळं शिवत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तेल, चिंध्या, बाबांना दिलेलं उत्तर. तो बराच वेळ जाळ्याचा एकच दोरा ओढत राहिला.

"हांवें ताका मागीर एक फावट लेगीत हाक मारूंक ना," तो म्हणाला. "आनी हें तूं म्हाका कित्याक सांगता? हांव एक मनीस. म्हजो एक ट्रेलर. तुज्या बापायक ट्रकवाल्यांनी सोडलो. वच, तांकां सांग."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळच्या खेपेनंतर डिचोलीत ड्रायव्हर बसतात त्या हॉटेलात मी गेले. तिथे बायका सहसा जात नसत. बारा-पंधरा जण होते, बहुतेक ओळखीचे. मी म्हणाले, मी दत्ता मिस्त्रींची मुलगी, मला एक सांगायचं आहे. वर्गात बोलते तसं बोलले, म्हणून सोपं गेलं. ग्रीस नव्हतं, काजूचं तेल होतं. बाबा त्या वेळी तिथे नव्हते. मी लावलं आणि विचारलं तेव्हा सांगितलं नाही.

कोपऱ्यात कागलचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, शिवापा, तो म्हणाला, "आणि मिस्त्रीनं सगळ्यांदेखत सोताच्या नावावर घेतलं?"

"हो."

"पोरी, तू लई शिकलीस बघ," शिवापा म्हणाला. "आमचा बाप असता तर आधी दोन ठिवून दिल्या असत्या, मग नावावर घेतलं असतं." दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. एकजण उठून, माझ्याकडे न बघता, बाहेर गेला. मी चहाचा कप तसाच ठेवून घरी आले.

रविवारी बाबा आले ते आधीच ऐकून आले होते, बसमध्येच कोणीतरी सांगितलं होतं. आईने वाढलं, ते जेवले. जेवताना ते एकच वाक्य बोलले, "तुका सांगूंक कोणें सांगिल्लें?" मी म्हणाले, "कोणी नाही." त्यांनी हात धुतले, खुंटीवरची चावी घेतली आणि शेड उघडायला गेले. आईने मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मीही गेले. आत सगळ्यावर तांबडी धूळ होती. ते झाडू घेऊन झाडत होते, तेवढ्यात शिवापाचा ट्रक दारात येऊन थांबला.

"मिस्त्री, मागचा उजवा बघा जरा. आणि तुमच्या लेकीला त्येवढं लांब उभं करा."

"ती हांगाच रावतली," बाबा म्हणाले.

त्यांनी चाक काढलं, ड्रम काढला, नवे लायनर ठोकले. अडीच-तीन तास लागले. मी दिवा धरला, रिबिटा हातात दिल्या. ड्रम परत चढवायच्या आधी बाबा बाजूला झाले आणि मला म्हणाले, "पळय, सुको आसा?"

शिवापा दारात बिडी धरून उभा होता. मी खाली बसले आणि लायनरवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खालच्या बाजूने.

"सुका आहे," मी म्हणाले.

बाबांनी ड्रम चढवला.